पाटील सगळ्यात शेवटी

आमच्या सुभेदारांना कुणी रांग मोडून पुढं घुसलेलं चालायचं नाही. एसटीत, रेशनच्या दुकानात, जत्रेतल्या पाळण्यापुढं, कुठंच नाही. एका लग्नात पहिल्या पंगतीला धावणाऱ्या पाव्हण्यांना त्यांनी मांडवाच्या दारातच अडवलं. "म्हातारी आन् पोरं आधी. दांडगी शेवटी. तुमी दांडगं हाय." त्यात नवऱ्या मुलाचा मामा होता. तो रुसून बसला. सुभेदार त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "रुसा की. पण नंबरात रुसा."

हे सुभेदार म्हणजे माझे धाकटे दीर. मी त्यांना भावजी म्हणायची, ते मला वैनी. फौजेतून रिटायर होऊन पलूसला आले तेव्हा गावाला वाटलं, आता हे ऊस बघतील, नाहीतर पंचायतीला उभे राहतील. त्यांनी पुढच्या खोलीत काचेची मोठी पेटी बसवली. नोकरीत एकदा त्यांची बदली अंदमानला झाली होती. तिथं गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी रंगीत मासे बघितले होते. तेव्हापासून डोक्यात तेच. दारात ऊस आणि घरात समुद्र.

समुद्राचं मीठ सांगलीच्या मासेवाल्याकडून यायचं. मी म्हटलं, घरात मीठ काय कमी आहे? "ते आमटीचं, वैनी. ह्ये समुद्राचं." मग खडक आले, खडकांवर जिवंत पोवळी आली. मी चौथी शिकलेली बाई. पोवळं अंगठीत असतं एवढंच मला माहीत. इथं ते पाण्यात बोटं हलवल्यासारखं हलत होतं. मी दोन पावलं मागं सरले. मग पुढं गेले. दुसऱ्या दिवसापासून दूध तापवलं की आधी तिकडं जायला लागले.

मासे मात्र नाहीत. गाव बघायला यायचं आणि दगड बघून जायचं.

"सुभेदार, मासं कुठं हायती?"

"यायचं हायती."

"कवा?"

"पाणी पिकल्यावर."

एकानं विचारलं, "आन् खायचं कवा?" त्याला त्यांनी चहा दिला नाही.

पाणी पिकणं म्हणजे काय ते त्यांनी मला नीट सांगितलं. माशांची घाण खाणारे बारीक जीव खडकात वाढावे लागतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते वाढले की एखादा मासा सोडायचा, त्याची त्यांना सवय होऊ द्यायची, मग पुढचा. "एकदम धा पाव्हणं आलं तर तुमची चूल काय करंल? तसंच हाय." हे मला लगेच कळलं. चुलीचं कुणी सांगितलं तर मला कळतं.

कुठला मासा आधी आणि कुठला नंतर, याचा बेत ते परातीत मांडायचे. गुळाचे खडे म्हणजे खडक. दोन लवंगा म्हणजे दोन बारीक, भित्रे मासे, पुढून पांढरे आणि शेपटीकडं जाळासारखे लाल. हरभरा म्हणजे वाळू उकरणारा. शेंगदाण्यांची जोडी म्हणजे नारंगी जोकर. आणि सुपारी म्हणजे पाटील. तो त्यांनी अंदमानला बघितलेला निळा मासा, अंगावर पिवळी पट्टी, शेपटीपाशी चाकूसारखा काटा. पूजेत सुपारीचा गणपती करतात, आमच्या परातीत सुपारीचा पाटील बसला. हलव लवंग, सरकव हरभरा, असं ते तासन्‌तास करत बसायचे. गुळाला मुंग्या लागायच्या. एकदा बोलता बोलता मी एक शेंगदाणा तोंडात टाकला.

"वैनी! जोकर खाल्ला तुमी!"

शालन, म्हणजे त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, हसून हसून खाली बसली.

त्यांचा नियम एकच. भित्रा आधी, दांडगा शेवटी. "दांडगा आधी आला की समदं घर त्याचं हुतं. मग मागनं येणाऱ्यानं कुठं ऱ्हायाचं?" मी या घरात शालनच्या आधी कितीतरी वर्षं आले. ती आली तेव्हा फडताळात तिच्या डब्याला जागा नव्हती. मी शालनकडं बघितलं. ती परातीतल्या लवंगेकडं बघत होती.

लवंगा आल्या त्या दिवशी सुभेदारांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मासे पिशवीतून पाण्यात गेले आणि थेट भोकात. दोन दिवस दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी एकीनं नाकाचा शेंडा बाहेर काढला, तर भावजी परसात येऊन ओरडले, "वैनी, आली! हातातलं टाका!" माझ्या हातात पाण्याची बारडी होती. टाकली. आम्ही तिघंही काचेपुढं श्वास धरून उभे. मग पाळीपाळीनं हरभरा आला, जोकर आले. लाइट गेली की घरात अंधार आणि माशांना बॅटरी. उन्हाळ्यात पंखा त्यांच्याकडं, आम्ही पदरानं वारा घेत बसायचो. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

उरला पाटील. "दिवाळीपातुर थांबायचं," भावजी म्हणाले. दिवाळीच्या आधीच त्यांच्या छातीत कळ आली. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, उठून याल असं मात्र छातीवर हात ठेवून सांगितलं नाही. शालन नवऱ्याला म्हणाली, "आवं, आधी पाटील आणू. डोळं भरून बघा, मग जावा मिरजंला."

"मी बघावं म्हणून लवंगांनी मरावं व्हय?" एवढंच बोलून ते गाडीत बसले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आपल्या पोराला दवाखान्यात बसवून शालन कपडे न्यायला पलूसला आली. मी दूध तापवून पुढच्या खोलीत गेले तर ही बाई पेटीपुढं निरांजन आणि हळदकुंकू घेऊन उभी. पाण्यावर पिशवी तरंगत होती. पिशवीत पाटील. येताना सांगलीला उतरून तिनं तो घेतला होता आणि एसटीत मांडीवर धरून आणला होता.

"काय करतीयास गं?"

"आक्का, मोठ्याचा मान आधी असतो. गावात पयला नारळ कुणाचा? आपुन त्याला मागं ठेवला, म्हणून ह्यांच्या मागं दुखणं लागलं. आज सोडते. फोटो काढून ह्यांस्नी दावते. उद्याचं कुणी बघितलंय?"

"आगं, त्यो मासा हाय. त्याला कसला मान?"

"मग पाटील कशाला म्हणायचं त्याला?"

तिनं पिशवी कापायला कात्री उचलली. लवंगा भोकाच्या तोंडाशी आल्या होत्या, नेहमीसारख्या, खायला मिळेल म्हणून. मी कात्री काढून घेतली आणि मिरजेला फोन लावला. भावजींना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता म्हणतील, सोडा. उद्या छाती उघडणार होते त्यांची. म्हणाले असते तर मी सोडला असता.

"वैनी, कांद्याच्या प्लास्टिकच्या जाळीच्या टोपल्या हायती न्हवं? दोन घ्या. निस्त्या पाण्यानं धुवा, साबण नगं. एकीवर एक उलटी. नायलॉनच्या नाडीनं बांधा. पाटील आत, बाकी समदी भायेर. एकमेकांस्नी बघतील, पर पोचणार न्हाईत."

मागून नर्स ओरडत होती, बाबा, फोन ठेवा.

"थांबा सिस्टर. घरात पाटील आलाय."

नाडी शालनच्या परकराची होती. टोपलीत पाटील नुसता धडका देत होता. लवंगा गायब. शालन कपडे घेऊन मिरजेला परतली. माझा दुसरा दिवस फोनची वाट बघण्यात गेला. ऑपरेशन झालं, जीव वाचला. भावजींना बोलता आलं त्या दिवशी पोरानं फोन त्यांच्या कानाला लावला.

"लवंगा?" आवाज चरकातून निघाल्यासारखा.

"भायेर आल्या. जोकर तर टोपलीम्होरनं मिरवतायत."

"पाटील?"

"कोठडीत."

"मग येतो मी."

आले तेव्हा अंगानं निम्मे राहिले होते. शालननं पेटीपुढं खुर्ची मांडली. "सोडा की आता," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली. "वैनी, हात घाला. खडक हलवा. घर नवं केलं की समदीच नवी. मग ह्ये माझं, असं कुणी म्हणायचं न्हाई." ते बोट दाखवत होते आणि मी कोपरापर्यंत पाण्यात खडक सरकवत होते. मग शालनला म्हणाले, "नाडी तू सोड. आणलास तू."

पाटील बाहेर आला. पैठणीतही तसला निळा मी पाहिलेला नाही. त्यानं पेटीला एक फेरी मारली आणि सरळ लवंगेवर गेला. लवंग भोकात शिरली नाही. पाठीवरचा काटा उभा करून जागच्या जागी राहिली. पाटलानं तिच्याकडं बघितलं आणि वळून शेवाळ खायला गेला. "शाबास!" भावजी ओरडले, टाके पडलेली छाती धरून. शाबासकी पाटलाला नव्हती. लवंगेला होती.

त्यानंतर ते दोन दिवाळ्या जगले. रोज त्या खुर्चीत. मग एका दुपारी जेवून बसले ते बसलेच.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. पोरानं हात जोडून सांगितलं, ऊस मोडणार नाही. शालननं सांगितलं, पेटी मोडणार नाही. कावळे झाडावर बसून होते. ऊन चढलं. मग मी पुढं झाले. या घरात थोरली मी. म्हटलं, "भावजी, नंबर माझा हुता. जलमभर दुसऱ्यास्नी अडवलंसा आन् सोता घुसलासा. आता उरका लवकर. मागं माणसं थांबल्यात."

कावळा उतरला.

घरी येऊन शालननं आणि मी हातपाय धुतले. मग आधी लवंगांना खायला घातलं. पाटलाला शेवटी.