शिळ्या रक्ताचा पेपर

सकाळचा चहा ओठांना लागायच्या आत सर कॉम्प्युटर उघडून बसायचे. शेअर बाजारवाल्यांना भाव बघायची खोड असते ना, तसलीच ही खोड. दुसऱ्या कुठल्या संशोधकाने आपल्या पेपरात सरांच्या पेपराचा दाखला दिला, की सरांच्या नावापुढचा आकडा एकाने वाढायचा. त्याला त्यांच्या धंद्यात सायटेशन म्हणतात. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "काय हो, आज कुणी कुणी नाव काढलं तुमचं?" आणि सर आकडा वाढलेला असला तर हसायचे, नसला तर चहा गार झाल्याची तक्रार करायचे.

उभा जन्म त्यांनी एचआयव्हीवर काम करण्यात घालवला. पेपर ढिगाने लिहिले. त्यातले बरेचसे लिहिणाऱ्याने आणि छापणाऱ्याने सोडून कुणी वाचले असतील असं वाटत नाही, पण हे संशोधनात सगळ्यांचंच होतं, त्यात सरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. एक पेपर मात्र गाजला, आणि बाकीच्या सगळ्यांना त्यानेच खांद्यावर घेऊन फिरवलं. त्या पेपरात सरांनी दाखवलं होतं, की शहरातल्या रुग्णांपेक्षा लांबच्या वस्त्यांमधल्या रुग्णांच्या रक्तातल्या संरक्षक पेशी, आजार तितकाच जुना असूनही, फार कमी भरतात. म्हणजे लांबच्यांचा आजार जास्त वेगाने पळतो. का पळतो, यावर देशोदेशीच्या लोकांनी डोकी फोडली. कुणी खाण्यावर बोट ठेवलं, कुणी पाण्यावर, कुणी म्हणालं तिकडचा विषाणूच वेगळा. प्रत्येकाने सरांचा दाखला दिला. त्या दाखल्यांच्या जोरावर सर प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले, त्यांना खिडकीची खोली मिळाली.

पेपर चुकीचा होता. सरांना ते माहीत होतं, आणि वाईट म्हणजे छापून यायच्या आधीपासून माहीत होतं.

त्या वेळी त्यांच्या हाताखाली एक विद्यार्थिनी होती. सर तिला लाडाने शंकेखोर म्हणत. एके दिवशी ती त्यांच्या खोलीत आली आणि खुर्चीत न बसताच बोलायला लागली. तिने शहरातल्याच रुग्णांचं रक्त घेऊन त्याच्या नळ्या दिवसभर टेबलावर उकाड्यात ठेवल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी पेशी मोजल्या होत्या. पेशी धडाधड कमी भरल्या, अगदी लांबच्या रुग्णांसारख्या.

"सर, लांबच्या माणसांना काहीच वेगळं होत नाहीये," ती म्हणाली. "त्यांचं रक्त आपल्याकडे येईपर्यंत शिळं होतंय, एवढंच."

सरांना ते त्याच क्षणी पटलं. तरी ते म्हणाले, "आधी छापून तर येऊ दे. मग बघू." दुसरीकडचा एक गट त्याच विषयाच्या मागे लागलाय अशी कुणकुण होती, आणि या धंद्यात दुसऱ्या नंबराला कुणी ओळखत नाही. ती म्हणाली, मग पेपरावरून माझं नाव काढून टाका. सर चिडले, पण त्यांनी नाव काढलं, आणि खरं सांगायचं तर नाव काढल्यावर त्यांना हायसंच वाटलं. थोड्याच दिवसांत ती सोडून गेली. पुढे कानावर आलं, की जिथून ते रक्त यायचं, त्याच लांबच्या दवाखान्यात ती प्रयोगशाळा सांभाळते. सरांनी 'बरं' म्हटलं आणि विषय बदलला. ते 'मग बघू' काही उगवलं नाही.

आता निवृत्ती आली होती. विभागाने सत्काराचा घाट घातला, आणि सभागृहात लावायला एक भलामोठा फलक तयार झाला. वर त्या पेपराचं नाव, खाली सायटेशनचा आकडा, मध्ये सरांचा हसरा फोटो. फलक बघून सर घरी आले ते जेवलेच नाहीत. आठवडाभर खोलीत बसून त्यांनी, पेपर ज्यात छापला होता त्या मासिकासाठी, एक पान दुरुस्ती लिहिली: आमचा निष्कर्ष चुकीचा होता, चूक अमुक प्रकारची होती. लेखकांमध्ये पहिलं नाव तिचं घातलं. आता तिची सही हवी होती.

"फोन करा की," बायको म्हणाली.

"फोनवर नाही व्हायचं ते."

"मग जा. इतकी वर्षं नाही गेलात, आता तरी जा."

खरंच, सर तिकडे एकदाही गेले नव्हते. रक्त त्यांच्याकडे यायचं, त्यांनी कशाला जायचं? आता ते रक्ताच्या वाटेने उलटे निघाले. पहिली बस, मग फाट्यावर उतरून दुसरीची वाट बघणं. फाट्यावर पत्र्याची शेड होती आणि उन्हाने तापलेला एक लोखंडी बाक. सर त्याच्या कडेला टेकले. बस येईना. रक्ताच्या नळ्यांची पेटीही याच बाकावर पडून राहत असणार, हे सरांच्या मनात आलं, आणि ते उठून उभे राहिले. बस आली तेव्हा कंडक्टरने त्यांची बॅग घेतली आणि ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवून दिली. सामान तिथेच ठेवायची पद्धत होती. उतरताना सरांनी बॅग उचलली, तर तिचा तळ हाताला चटका देत होता. नळ्यांच्या पेटीतला बर्फ टिकणार कुठून! एवढं कळायला त्यांना नोकरी संपेपर्यंत वाट बघावी लागली, याची त्यांना भर रस्त्यात लाज वाटली.

दवाखाना बैठा होता, दोन खोल्यांचा. ती दारातच भेटली. केस पांढरे झाले होते, बोलणं तेच.

"सर! तुम्हीही नमुन्यांसारखेच आलात की, पार उतरलेल्या तोंडाने. बसा आधी. पाणी प्या."

आत टेबलावर पेशी मोजायचं छोटं यंत्र होतं. आता रक्त कुठे पाठवावं लागत नव्हतं, इथल्या इथे मोजलं जात होतं. सरांनी कागद पुढे केला. तिने उभ्यानेच वाचला.

"छान लिहिलंय. भाषा तुमची पहिल्यापासून चांगली."

"सही करशील?"

"नाही, सर."

 तिने कागद नीट घडी घालून परत दिला.

"नाव मीच काढायला लावलं होतं. आता परत घालून कुणाचं भलं होणार? तुम्हाला रात्री झोप लागेल, एवढंच ना? छापा तुम्ही, एकट्याच्या नावाने छापा. छापायलाच हवं. पण ते मासिक इथे कुणी वाचत नाही. इथे तुमचा पेपर वेगळ्या रीतीने पोचला."

मग तिने सांगितलं. पेपर गाजला, त्यावरून नियम झाला, की लांबच्या रुग्णांचा आजार वेगाने पळतो, म्हणून त्यांना लगेच औषध सुरू करा. तेव्हाचं ते औषध जहाल होतं, पायांच्या नसा मारायचं. दोन-तीन वर्षांनी सौम्य औषध आलं. ज्यांच्या पेशी खरोखर कमी होत्या त्यांना थांबणं शक्यच नव्हतं. पण ज्यांच्या पेशी चांगल्या होत्या आणि फक्त रक्त शिळं झालं होतं, ते आरामात थांबू शकले असते.

"मी ओरडून सांगत होते. पण माझ्यामागे पेपर कुठे होता?" ती म्हणाली. "फाटकाशी टोकन देणारा माणूस बघितलात ना? तो त्यातलाच. ट्रक चालवायचा. पायाला ब्रेक लागतो की नाही ते कळेनासं झालं, मग सुटला ट्रक."

"त्याला माहीत आहे?"

"मी नाही सांगितलं. ते काम तुमचं होतं."

सर बाहेर आले. फाटकाशी खुर्चीवर तो बसला होता, दाढी नेटकी केलेला, हसतमुख. सर कोण हे कळल्यावर तो धडपडत उठला आणि त्याने दोन्ही हातांनी सरांचा हात धरला.

"तुम्हीच का ते साहेब! तुमच्या अभ्यासामुळे आम्हाला औषध लवकर मिळालं. माझ्याबरोबरचे दोघं गेले. मी आहे अजून. पोरीचं लग्न बघितलं मी, साहेब."

 सर म्हणाले, "अहो, ऐका. माझं चुकलं होतं. तुमचं रक्त वाटेत खराब झालं होतं. तुम्हाला ते औषध तेव्हा द्यायलाच नको होतं. तुमचे पाय माझ्यामुळे गेले."

तो मोठ्याने हसला.

"मोठी माणसं असंच बोलतात. स्वतःकडे कमीपणा घेतात. पायांचं काय घेऊन बसलात, साहेब? चला, बसपर्यंत सोडतो तुम्हाला."

सरांनी नको नको म्हटलं, पण तो कसला ऐकतोय! तो पुढे चालू लागला, मान खाली घालून, एकेक पाऊल डोळ्यांनी बघत. बोलताना मात्र मान वर व्हायची. पोरीबद्दल, जावयाबद्दल, ट्रकच्या दिवसांबद्दल तो रंगून बोलत होता. सर दोन पावलं मागे होते. रस्त्यात एक चप्पल पडलेली त्यांना दिसली. त्यांनी पुढे बघितलं. तो एका पायाने अनवाणी चालला होता, तापलेल्या खडीवरून, आणि जावयाचं कौतुक सांगत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं.

सरांनी वाकून चप्पल उचलली. घाईघाईने त्याला गाठलं, त्याच्यापुढे जमिनीवर गुडघा टेकला आणि त्याचा पाय हातात घेतला. तळव्यात दोन खडे रुतले होते. ते त्यांनी बोटांनी काढले, आणि मग चप्पल चढवायला लागले.

"अहो साहेब, हे काय करता!" तो ओशाळून मागे सरू लागला. "तुमच्यासारख्यांनी असं करायचं नसतं."