रिप्लाय फ्रॉम भिवंडी

आमची बॅच भेटली की चहा गार होतो आणि घरून फोन यायला लागतात. भिवंडीच्या कॉलेजात आम्ही कॉम्प्युटर सायन्स केलं, पण किस्से निघतात ते एकाच विषयाचे. डेटा कम्युनिकेशन अँड नेटवर्किंग! बाकीचे विषय पेपर झाला तसे विसरलो, हा अंगात भिनला. एकाने सुरुवात केली की दुसरा "थांब, मी सांगतो!" म्हणून मध्ये घुसतोच. आज दुसरं कुणी नाही, म्हणून मीच सांगते.

*

रूपेश भिवंडीजवळच्या खारबाव गावचा. हुशार, पण इंग्रजीत प्रश्न आला की घाम फुटायचा. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "थ्री-वे हँडशेक एक्सप्लेन कर. दोन कॉम्प्युटर बोलायला लागण्याआधी काय करतात?"

रूपेशने रुमाल काढून कपाळ पुसलं. आमच्या पाटील मॅडम हळूच म्हणाल्या, "मराठीत सांग रे."

"सर, मी स्टेशनवरून आयेला फोन लावतो. मी विचारतो, 'आवाज येतो हाय का?' ती म्हणते, 'हाय! तुला येतो का?' मी म्हणतो, 'हाय, आता बोल!' मग खरं बोलणं चालू."

सर हसू दाबत म्हणाले, "आणि आईने उत्तरच दिलं नाही तर?"

"परत लावतो सर. टाइमआउट!"

पैकीच्या पैकी मार्क!

*

केबलला कनेक्टर बसवायचं प्रॅक्टिकल. आत आठ बारीक रंगीत तारा, त्या ठरलेल्या क्रमानेच लावायच्या. सगळ्यांच्या केबल फेल! टेस्टरवर एखादा दिवा लागायचा, बाकी अंधार. सुमैयाने मात्र पहिल्याच फटक्यात आठही दिवे लावले.

मॅडमनी विचारलं, "आधी कुठे शिकलीस का?"

"नाही मॅडम. आमच्या घरचे कापड विणायचे लूम आहेत. धाग्यांच्या रंगाची रांग चुकली तर अब्बा जेवायला देत नाहीत!"

त्या दिवसापासून लॅबमधल्या नव्या केबल सुमैयाच करायची. त्या अजून चालू आहेत. मी मुद्दाम जाऊन बघून आले.

*

दोन वेगळ्या नेटवर्कमधले कॉम्प्युटर राउटरने जोडायचे होते. आठवडाभर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे पलीकडून उत्तरच नाही. एका दुपारी माझ्या स्क्रीनवर एकदम 'रिप्लाय फ्रॉम' उमटलं आणि आम्ही बाकांवर चढून नाचायला लागलो!

लॅबचे शिपाई, आमचे मामा, धावत आले. "काय झालं?"

मी ओरडले, "मामा, रिप्लाय आला!"

मामांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं. "होकार हाय ना? मग नाचा."

*

मुंबईच्या एका मोठ्या कॉलेजात नेटवर्किंगची स्पर्धा होती. आम्ही तिघं गेलो, रूपेश, सुमैया आणि मी. नाव लिहून घेणारा मुलगा हसला. "भिवंडी? तिकडे नेट पोचलं का?"

मला राग आला, रूपेशने मान खाली घातली. सुमैया शांतपणे म्हणाली, "तू घातलेले बूट ऑनलाइन मागवलेस ना? ते आमच्या भिवंडीजवळच्या दापोड्याच्या गोडाऊनमधून निघाले असणार. कुठून काय कसं पोचवायचं, ते आम्हाला नको शिकवू."

संध्याकाळी निकाल लागला. त्याच मुलाने माइकवर पहिल्या नंबरचं नाव वाचलं, "भिवंडी!"

*

रूपेशच्या बाबांना हे शिक्षण कधी पटलंच नाही. "वायरी जोडायला कॉलेज कशाला?" त्यांची जमीन गोडाऊनसाठी कधीच गेली होती, आणि त्यानंतर त्यांनी त्या बाजूला पाऊल ठेवलं नव्हतं. रूपेशला नोकरी लागली ती नेमकी त्याच गोडाऊनमध्ये! चार दिवस बाबा त्याच्याबरोबर जेवायला बसले नाहीत.

मग एका सकाळी तिथलं सगळं नेटवर्क झोपलं. स्कॅनर बंद, ट्रकची रांग पार हायवेपर्यंत. मोठे इंजिनियर पुण्याहून निघाले. ते पोचायच्या आधी रूपेशने एकेक स्विच, म्हणजे केबल जोडायची पेटी, तपासत दोष पकडला. एकाच केबलची दोन्ही टोकं कुणीतरी एकाच स्विचमध्ये खुपसली होती, आणि सगळा डेटा आतच गोल गोल फिरत बसला होता! त्याने एक टोक उपटलं आणि ट्रक हलले.

मॅनेजर त्याला म्हणाले, "तुझ्या वडिलांना घेऊन ये. मला भेटायचंय."

बाबा आले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. मॅनेजरनी सगळं फिरवून दाखवलं आणि शेवटी सर्व्हर रूमचं दार उघडलं. "काका, हे सगळं आता तुमचा मुलगा सांभाळतो."

बाबांनी आत बघितलं. मग इकडच्या भिंतीकडे, तिकडच्या खिडकीकडे, जागेचा अंदाज घेतल्यासारखं. आणि दारातच चपला काढल्या.

"अहो काका, चपला असू द्या. इथे चालतं."

"न्हाय सायब," बाबा म्हणाले. "हितं आमचं भाताचं खळं हाय."

मॅनेजरनी आपल्या पायांकडे बघितलं. मग खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागले.