पहिल्या हाकेला ओ

“मॅडम, या घरात मी कुणाला दिसत नाही का?”

मार्टाचा फोन होता. पोलंडहून येऊन पोरीला धड दोन दिवसही झाले नव्हते.

मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. रिटायर झाल्यावर भिंती बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून एका समर एक्स्चेंज प्रोग्रॅमची लोकल कोऑर्डिनेटर झाले. परदेशी विद्यार्थी त्यांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या भर पावसाळ्यात येतात. त्यांना होस्ट फॅमिली, म्हणजे राहायला घर, बघून द्यायचं आणि ते परत जाईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं. मार्टाच्या आईला मी व्हिडिओ कॉलवर शब्द दिला होता, की तुमची पोरगी सुखरूप घरी येईल. एकुलती एक लेक. बाईच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

बदलापूरजवळच्या चामटोली गावातलं हे घर मीच निवडलं होतं. रमेश आमच्या प्लांटवर ऑपरेटर होता. त्याची बायको सुनंदा दारातल्या मांजरालाही उपाशी जाऊ देणार नाही. ती पाहुणीकडे दुर्लक्ष करेल? अहो, शक्यच नाही.

“नीट सांग बघू,” मी म्हटलं.

“मी खोलीतून हाक मारते. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबतो. सगळं घर गप्प होतं. पण कुणी उत्तर देत नाही. पुन्हा हाक मारली की सगळे हसून बोलतात. मला भीती वाटते, मॅडम.”

दुसऱ्या दिवशी बदलापूरहून रिक्षा करून गेले. फाटकातूनच हाक मारली, “सुनंदा!”

आतला टीव्ही बारीक झाला. बस्स. दार उघडं, चुलीचा धूर येतोय, पण ओ नाही. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.

“सुनंदा, अगं मी आलेय!”

“या या, मॅडम!” पदराला हात पुसत ती बाहेर आली.

“पहिल्यांदा ऐकू नाही आलं?”

“आलं की.”

“मग?”

“माणूस दिसत नसलं तर पहिल्या हाकेला ओ नाय द्यायची, मॅडम. माणूस दुसऱ्यांदा हाक मारतं. त्याला एकदाच मारता येते.”

“त्याला म्हणजे कुणाला?”

“नाव कशाला घ्यायचं?” असं म्हणून सुनंदा चहा टाकायला गेली.

मी मार्टाला सगळं समजावलं. ती खो खो हसली, मोकळी झाली. माझं डोकं मात्र फिरलं. आमच्या धंद्यात रोल कॉल म्हणजे देव. प्लांटमध्ये गॅस सुटला की सगळ्यांनी असेंब्ली पॉइंटला, म्हणजे ठरलेल्या मोकळ्या जागी, जमायचं. एकेकाचं नाव पुकारलं जातं. ओ आली नाही, तर तो माणूस आत अडकला असं समजून दुसऱ्याला मास्क लावून आत पाठवतात. उशिरा ओ दिल्यापायी दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो.

“पोरीच्या डोक्यात हे खूळ भरवू नकोस,” मी सुनंदाला बजावलं. मग मार्टाकडे वळले. “प्रोग्रॅमचा नियम ऐक. हाक आली की पहिल्याच हाकेला ओ द्यायची आणि आवाजाच्या दिशेने यायचं. समजलं?”

“येस, मॅडम.”

सुनंदाने बिस्किटांची ताटली तेवढी माझ्याकडे सरकवली.

पुढच्या दिवशी दुपारी बाकीच्या विद्यार्थ्यांनाही भाताची लावणी दाखवायला चामटोलीत आणलं. सगळे चिखलात उतरून खिदळत होते. मी आणि सुनंदा बांधावर चहा पीत बसलो होतो. पाऊस थांबलेला, वारा पडलेला. मी सवयीने डोकी मोजली. एक कमी.

“मॅडम, ती बघा!” सुनंदा म्हणाली.

मार्टा ओढ्याकडे चालली होती. भराभर, शाळेला उशीर झाल्यासारखी. पलीकडे करवंदीची जाळी, माणूसबिणूस कुणी नाही. बघता बघता ती पाण्यात उतरली. मी तोंड उघडायच्या आत सुनंदा उभी राहून ओरडली, “मार्टा! मार्टा! ए मार्टा बाय!”

गुडघाभर पाण्यात मार्टा थांबली. वळली. माझ्याकडे बघितलं, मग पलीकडच्या काठाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती धडपडत मागे आली. सुनंदाने तिचा हात धरून वर ओढलं आणि तेवढ्यात वरून पाण्याचा लोंढा आला. डोंगरात कुठेतरी पाऊस झाला असणार. मार्टा उभी होती तिथे आता गढूळ पाणी उसळत होतं.

“मॅडम, तुम्ही तर पलीकडून हाक मारलीत ना?” तिचे दात वाजत होते. “तुमचाच आवाज होता. मी नियमाप्रमाणे लगेच येस मॅडम म्हटलं.”

चहाचा कप अजून माझ्या हातात होता. मी हाक मारलीच नव्हती.

“किती वेळा मारली, विचारा तिला,” सुनंदा हळूच म्हणाली.

मी विचारलं. मार्टाने एक बोट वर केलं.

मी सेफ्टीवाली बाई. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. प्रतिध्वनी असेल, असं मी रात्रभर स्वतःला समजावलं. पण प्रतिध्वनीला आधी कुणीतरी ओरडावं लागतं हो!

मार्टा तिथेच राहिली. दुसरं घर देते म्हटलं, तर सुनंदाचा पदर सोडेना. उरलेले दिवस तीही दुसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. मी चकार शब्द काढला नाही. पोरगी सुखरूप विमानात बसली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

गेल्या आठवड्यात अंबरनाथला, मोरिवलीतल्या माझ्या घरी भाजी चिरत होते. भर दुपार. दाराबाहेरून हाक आली, “मॅडम!”

आवाज मार्टाचा.

‘अगं बाई, तू कधी आलीस’ हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. सुरी खाली ठेवली आणि थांबले. दुसरी हाक आली नाही.

तडक मार्टाला पोलंडला फोन लावला. रिंग वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली. नाही नाही ते मनात आलं. तिच्या आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पुन्हा लावला.

लगेच उचलला.

“अगं, पहिल्यांदा का नाही उचललास? जीव गेला ना माझा!”

“मॅडम,” मार्टा म्हणाली, “पहिल्यांदा कसा उचलणार?”