अकरा हंडे, बूड नसलेले

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मला आमच्या गावात तीन तास काही न बोलता उभं राहायचं होतं. ते मला जमलं नाही.

विषय होता परफॉर्मन्स आर्ट. तो अण्णांना समजावून सांगण्यात माझं पहिलं वर्ष गेलं. अण्णा म्हणजे माझे वडील, गावच्या दूध संस्थेचे सचिव. ज्याचा फॅट काढता येत नाही, त्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

"नाटक हाय का?"

"न्हाई."

"मग नाच?"

"न्हाई अण्णा. कलाकाराचं शरीर हेच त्याचं साधन आसतं. ते शरीर, ती जागा, तो वेळ..."

"म्हंजे नुस्तं उभं राहायचं."

"तसंच म्हणा."

"आन त्याला दोन वर्सं?"

शेवटी अण्णांनी अट घातली. प्रात्यक्षिकात पास झाले तर पुढं पीएच.डी. करायची, नापास झाले तर गुमान दूध संस्थेत फॅट मशीनवर बसायचं. (ती खुर्ची रिकामीच होती. दुष्काळात दूध निम्म्यावर आलं, तसा तिथला माणूस पुण्याला निघून गेला होता.) पहाटे पाचला उठून लोकांचं दूध नळीत घालून हलवत बसायचं, या विचारानंच मी जिवाच्या आकांतानं तयारीला लागले.

कल्पना माझ्या मते भन्नाट होती. भंगारवाल्याकडून जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, अकरा जुने हंडे आणले, तालुक्याला वडवणीच्या वेल्डरकडून त्यांची बुडं कापून घेतली आणि वरून चुना फासला. गावात पाणी नाही, म्हणून हंड्याला बूड नाही. हे अकरा हंडे ओळीनं मांडायचे आणि शेजारी नऊ ते बारा मौन धरून उभं राहायचं. एक शब्द बोललं की प्रयोग मोडला. परीक्षक मॅडम बाहेरून येणार होत्या, नऊच्या बसनं. आमची नऊची बस नऊ ते बारा कधीही येते, त्यामुळे एक मिनिटही ढिलं पडायची सोय नव्हती.

जागेलाही अर्थ असावा, असं आम्हाला शिकवलं होतं. म्हणून मी हंडे मांडले ते दूध संस्थेसमोर, जिथं पाण्याचा टँकर उभा राहतो, बरोब्बर तिथं. एवढी अक्कल मला वाचनयादीतल्या पुस्तकांनीच दिली.

सव्वानऊला शेजारची वत्सला वहिनी कडेवर घागर घेऊन आली. वहिनी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी आणि बोलायला फटकळ.

"सुजे, नंबर लावलास? टँकर येणार हाय का?"

मी गप्प.

"किती वाजता?"

मी गप्प. वहिनीनं माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं. माझा चेहरा एकदम भावशून्य होता. (त्याचे वेगळे मार्क होते.)

"बोलंना म्हंजे पक्कं हाय," वहिनी स्वतःशीच म्हणाली. "बाप सचिव. आतली बातमी आसंल. कुणाला सांगू नको म्हून दम दिला आसंल पोरीला."

दहा मिनिटांत ती तीन हंडे घेऊन आली आणि माझ्या अकराव्या हंड्याला चिकटवून ठेवून दिले. मग तिची जाऊ आली. मग आख्खी गल्ली आली. साडेदहापर्यंत रांग शाळेला वळसा घालून गेली. हंडे, घागरी, रॉकेलचे डबे, एक टिपाड, आणि शिट्टी हरवलेला कुकरसुद्धा होता. मी मनातल्या मनात किंचाळत होते आणि वरून भावशून्य उभी होते.

"एका घरचे अकरा हंडे?" मागून कुणीतरी कुरकुरलं. "सरकवा तिचे मागं."

"हात लावायचा न्हाई," वहिनी कडाडली. "पयल्यांदा आली ती. नंबर म्हंजे नंबर." तिनं शाळेतून कोळशाचा तुकडा आणून प्रत्येक भांड्यावर आकडा टाकला. माझ्या पांढऱ्याशुभ्र कलाकृतीवर एक ते अकरा आकडे पडले. आमच्याकडं नंबरातल्या भांड्याला दुसरं कुणी हात लावत नाही, डोकी फुटतात. म्हणूनच आत डोकावून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही.

तेवढ्यात माय आली. पोरगी उन्हात उभी बघून तिनं माझ्या डोक्यावर ओला टॉवेल टाकला आणि ताकाचा तांब्या तोंडाला लावला. मौनात ताक चालतं का, हे एकाही पुस्तकात दिलेलं नव्हतं. मी प्यायले.

अकराला अण्णा संस्थेतून बाहेर आले, आणि लोकांनी त्यांना घेरलं.

"सचिव सायेब, टँकर कदी येतोय?"

"कोणता टँकर?"

"बगा, आजून लपवतेत."

अण्णा माझ्याकडं आले. "सुजाता, सांग ह्यांना, टँकर न्हाई म्हून."

मी तोंड उघडणार, तोच लांबून गाडीचा आवाज आला. बस असली तर? मी तोंड मिटलं. तो कडब्याचा टेम्पो निघाला.

"आगं बोल की पोरी," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "लोक मला मारतेन."

मला फार वाईट वाटलं. पण फॅट मशीन डोळ्यांसमोर आलं आणि मी भावशून्यच राहिले. माझ्या नालायकपणाचा कळस तो हाच.

शे-दीडशे भांड्यांच्या तोंडावर "न्हाई" म्हणायची अण्णांची छाती झाली नाही. ते आत गेले आणि साखर कारखान्यावर फोन करून हातापाया पडले. ऊस नसल्यानं गाळप बंद, त्यामुळं कारखान्याचा टँकर मोकळाच होता. पावणेबाराला तो खरंच आला. रांगेत आनंदीआनंद झाला, आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदाच प्रकाश पडला की पहिले अकरा नंबर माझे आहेत.

"पयला नंबर कुणाचा?" ड्रायव्हरनं विचारलं.

"हिचा," सगळे एका सुरात म्हणाले.

त्यानं जाडजूड पाइप एक नंबरच्या हंड्यात सोडला. पाणी आत गेलं आणि खालून मातीत चाललं. मी एक क्षण मार्कांचा विचार केला. खरं सांगते, दोन क्षण केला. मग वडवणीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले, "आवो थांबा! त्याला बूड न्हाई!"

नेमकी त्याच वेळी बस आली, आणि सुती साडीतल्या, खांद्याला झोळी लावलेल्या मॅडम उतरल्या.

ड्रायव्हरनं पाणी बंद केलं. वत्सला वहिनीनं हंडा उचलून त्याच्यातून आरपार माझ्याकडं बघितलं.

"बूड कुठं गेलं?"

"कापलं."

"कावून?"

"दुष्काळ दाखवायला."

"आगं, आमाला दिसंना झालाय का त्यो?"

वहिनी उत्तरासाठी थांबली नाही. तिनं तो हंडा उलटा करून आपल्या हंड्यावर ठेवला, तोंडावर तोंड, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "सोड पाणी." एवढ्या जाड पाइपाचं पाणी, पण एक थेंब बाहेर उडाला नाही. एरवी निम्मं पाणी सांडतं. मग काय, माझे अकराच्या अकरा हंडे नरसाळी होऊन या भांड्यावरून त्या भांड्यावर फिरू लागले, आणि रांग झपाझप सरकू लागली.

अण्णांनी मला दंडाला धरून टँकरमागं नेलं आणि मनातलं सगळं बोलून घेतलं. तिकडून मला मॅडमचा आवाज ऐकू येत होता.

"हे सगळं तुम्ही उभं केलंत?"

"मंग कोण?" वहिनी म्हणाली. "सकाळपासनं मीच हाय हितं."

"यामागचा विचार काय?"

"इचार कसला? नंबर म्हंजे नंबर. आन पाणी सांडाय न्हाई पायजे."

"आणि ही बुडं?"

"बूड आसतं तर पाणी पुढं गेलं आसतं का?"

मॅडम भराभर लिहून घेत होत्या. मी अण्णांच्या हातून निसटून धावत गेले. "मॅडम, मी..."

"जरा थांबा," मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "परीक्षा चालू आहे."

परतीच्या बसनं हॉर्न दिला आणि त्या निघून गेल्या.

महिन्यानं निकाल आला. माझ्या नावावर प्रथम श्रेणी होती. मी लाजेकाजेस्तव विभागात जाऊन खरं सांगितलं, तर तिथले साहेब म्हणाले, निकाल लागलाय, आता गप्प बसा. (हे मौन मात्र मला जमलं.) निकालाखाली मॅडमचा शेरा होता. अण्णांनी तो घरात दोनदा मोठ्यानं वाचला. "विद्यार्थिनीची मांडणी प्रगल्भ, उत्तरे थेट. मात्र प्रेक्षकांतील एका बाईने ओरडून रसभंग केला. पुढील वेळी तिचा बंदोबस्त करावा."

"पास वत्सला झाली," अण्णा म्हणाले आणि पीएच.डी.ला प्रवेश मिळेपर्यंत त्यांनी माझा बंदोबस्त फॅट मशीनवर केला.

आता मी हाच विषय शिकवते. हंडे गावातच आहेत, टँकर आला की निघतात. दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी विचारतो, "मॅडम, तुमची पहिली कलाकृती कोणती?" मी हे सगळं सांगते.

"आणि त्यात तुम्ही नेमकं काय केलं?"

"व्यत्यय आणला," मी सांगते.