आईचा फोन, आईचा पासवर्ड

गाडी चालवायला शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकताई म्हणायचे, कारण शिकणाऱ्याच्या शेजारी बसल्या की त्यांचा पाय कायम शिकवणाऱ्याच्या बाजूच्या जादा ब्रेकवर असायचा. नवरा गेल्यावरही त्यांनी काम सोडलं नाही.

एकदा त्यांचा फोन हरवला. ड्रायव्हिंग शाळेच्या ऑफिसातून त्यांनी दुसऱ्या शहरातल्या मुलाला कळवलं. तो लगेच म्हणाला, "घाबरू नकोस आई, फोन आत्ता पुलावरून चाललाय."

पुलावर शाळेचीच गाडी होती. ती परत आल्यावर फोन सीटखाली सापडला. ताईंनी पुन्हा मुलाला गाठलं. "तुला तिथे बसून कसं रे कळलं?"

"बाबा गेले तेव्हाच तुझा फोन कुठे आहे ते मला इथून दिसेल अशी सोय त्यात करून ठेवली. काळजी वाटते गं." मग तो चाचरत म्हणाला, "दर गुरुवारी तू तलावावर काय करतेस?"

ताईंचा पारा चढला, पण लगेच हसूही फुटलं. "पोहायला शिकतेय! विचारलं असतंस तर सांगितलं असतं. काळजी खुशाल कर, पाळत ठेवू नकोस."

फोन शोधायची सोय त्यांनी ठेवली, पण मुलाला ठाऊक असलेला तिचा पासवर्ड बदलून टाकला आणि तो कुणालाच सांगितला नाही. मुलगा काही दिवस फुगून बसला. मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला, "आई, कुठे आहेस?"

ताईंनी गाडी कडेला घेतली आणि त्याच्याशी पोटभर गप्पा मारल्या.