पायलटचे दिवस आणि लंडनचं घड्याळ

"बाई, केदारला उठवा. आत्ताच्या आत्ता."

"नाय गो. रात्रभर विमान चालवून आलाय तो. या घरात एकच नियम हाय. पायलट झोपला की घराला आग लागली तरच उठवायचा."

"आग लागलीय असंच समजा."

माझ्यासमोर कॉम्प्युटरवर घड्याळ चालू होतं. तीन वाजून गेले होते आणि चारनंतर लगेच दोन मेल आपोआप सुटणार होते.

मी पेणमध्ये चार्टर्ड अकाउंटंट आहे. माझे बहुतेक क्लायंट गणपतीचे कारखानदार, पोहे मिलवाले आणि धाटावच्या एमआयडीसीतले लेबर कॉन्ट्रॅक्टर. पायलट एकच. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावचा कॅप्टन केदार. फोनवर होत्या त्या त्याच्या आई. रोह्याच्या शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं. आजही त्यांचा आवाज ऐकला की मी खुर्चीत सरळ बसते.

आठवड्यापूर्वी केदार ऑफिसात आला होता तो दोन ऑफर घेऊन. दोन्ही आखाती देशांतल्या, दोन्हीकडे पगारावर टॅक्स नाही.

"ताई, एका कागदावर कम्पेअर करून द्या. कुठली चांगली ते."

पायलटचा पगार वाचणं हा एक वेगळाच खेळ आहे. बेसिक असतं, त्यावर फ्लाइंग अलाउन्स. तो ब्लॉक अवर्सवर मिळतो. विमानाची चाकं गेटपासून हलली की तास सुरू, दुसऱ्या विमानतळावर थांबली की बंद. मधल्या वेळात तुम्ही टर्मिनलवर चार तास ताटकळलात तर त्याचे पैसे फारसे कोणी देत नाही. शिवाय घरभाडं, मुलांची फी, मेडिकल, नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी. आपल्याकडे लोक विचारतात, हातात किती पडतात? मी विचारते, हातात किती राहतात? दोन्हींत बरंच अंतर असतं.

पहिली ऑफर होती रेसिडेंट कॉन्ट्रॅक्टची. म्हणजे बायको-मुलीला घेऊन तिकडेच राहायचं. घर कंपनीचं, शाळा कंपनीची. दुसरी होती कम्युटिंग कॉन्ट्रॅक्टची, एका एजन्सीमार्फत. चार आठवडे तिकडे उडायचं, दोन आठवडे घरी. जायचं-यायचं तिकीट ते देतात, हॉटेल ते देतात, पण घर नाही, फी नाही, ग्रॅच्युइटी नाही. महिन्याचा आकडा दुसरीचा मोठा दिसत होता. सगळं धरून वर्षाचा हिशेब केला तर पहिलीपेक्षा ती जवळपास पाव हिश्शाने कमी भरली.

"पहिली घे," मी म्हणाले. "विचारायचं कारणच नाही."

"मला दुसरी हवीय."

"का?"

"आई."

दोन वर्षांपूर्वी बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू अजून कमजोर आहे, वॉकर घेऊन चालतात. दिवसभर सोबतीला सुमन नावाची बाई असते. मुलाकडे मुंबईला राहायला मात्र साफ नकार.

"ती रोहा सोडणार नाही," केदार म्हणाला. "मग मीच येत राहीन. दर खेपेला पंधरा दिवस, वर वार्षिक रजेचे सहा आठवडे. सगळे वरसेला. पण ताई, हे तिला कळू देऊ नका. माझ्यापायी पोराने पैसा सोडला असं जन्मभर ऐकवेल."

मी कबूल झाले. क्लायंटची गोष्ट क्लायंटच्या आईलाही सांगायची नाही, हे आमच्या धंद्याचं पथ्यच आहे.

मग टॅक्स. कायदा तुमचा पासपोर्ट कुठला हे विचारत बसत नाही, तुम्ही वर्षातले किती दिवस भारतात होतात ते बघतो. केदारच्या बाबतीत सीमा होती एकशे ब्याऐंशी दिवसांची. तेवढे दिवस भरले की तो रेसिडेंट. मग तिकडच्या पगारावरही इथे टॅक्स, आणि त्याच्या पगाराला तो जवळजवळ एक तृतीयांश बसतो. त्याखाली राहिला तर नॉन-रेसिडेंट, तिकडच्या पगारावर इथे काही नाही. आणखी पोटनियम आहेत, ते सांगत बसले तर तुम्ही पान उलटाल. येण्याचा दिवस आणि जाण्याचा दिवस दोन्ही मी धरते, एवढं लक्षात ठेवा.

केदारने वर्षभराच्या खेपांचा तक्ता स्वतःच करून आणला होता. कधी येणार, कधी जाणार, कुठल्या वेळेच्या विमानाने. बेरीज आली एकशे शहात्तर. मी सगळी पुन्हा मोजली, तेवढीच आली.

"बसतंय," मी म्हणाले. "पण काठावर आहे. सांभाळून."

बाईंना फोन केला त्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला. कॉन्ट्रॅक्टवर सही केलीय, एक मेल एजन्सीला होकाराचा आणि एक पहिल्या कंपनीला नकाराचा लिहून ठेवलाय. बायकोने बजावलंय, अमावस्या संपेपर्यंत पाठवायचं नाही. पंचांगात अमावस्या चारला संपते, म्हणून दोन्ही मेल त्यानंतरच्या वेळेला शेड्यूल केलेत. आता झोपतो.

ढगात वीज कडाडत असताना तीनशे माणसं घेऊन उतरणारा माणूस अमावस्येला घाबरतो, म्हणून मी हसले. पुढे त्याच अमावस्येचे मी मनोमन आभार मानले.

दुपारी डबा खाताना बहिणीचा फोन आला. भावोजी आखातात परत निघाले होते, तर रात्री जेवून आमच्याकडून निघू का म्हणून विचारत होती. विमान पहाटेचं. त्यांचं नेहमी पहाटेचंच असतं, पेणहून आम्ही त्यांना जेवणं आटोपूनच सोडायला जातो. फोन ठेवला आणि घास तोंडातच राहिला. केदारच्या तक्त्यात परतीचं प्रत्येक विमान रात्री सव्वादहाचं होतं.

मी दुसऱ्या ऑफरवाल्या विमान कंपनीचं वेळापत्रक उघडलं. मुंबईहून त्यांचं विमान सुटतं पहाटे पावणेचारला. सव्वादहा आणि पावणेचार, मधे साडेपाच तास.

लंडनची मूळ ग्रीनिच वेळ आणि आपली वेळ यांत तेवढंच अंतर आहे. जगभरचे पायलट वेळ लिहितात ती लंडनची, तिला झुलू टाइम म्हणतात. कुठल्या देशावरून उडतोय याने गोंधळ होऊ नये म्हणून. वीस वर्षं लॉगबुक तसंच भरल्यावर हाताला दुसरी सवयच राहत नाही. ही चूक पायलटच करू जाणे. लंडनमध्ये ज्या तारखेला रात्रीचे सव्वादहा वाजतात, त्याच क्षणी मुंबईत पुढची तारीख लागून पहाट झालेली असते. इमिग्रेशनवाला शिक्का मारतो तो आपल्या तारखेचा. येतानाची विमानं दिवसाची, तिथे तारीख बदलत नव्हती; पण जाताना केदारचा प्रत्येक खेपेला एक दिवस कमी मोजला गेला होता. वर्षात नऊ खेपा. एकशे शहात्तर अधिक नऊ, एकशे पंच्याऐंशी. सीमेच्या वर.

वेळांकडे मी पाहिलंच नव्हतं, फक्त तारखा मोजल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, थोडे दिवस कमी राहायचं. खरं आहे. पण काठावर चालत नाही. विमान रद्द होतं, रोस्टर बदलतो, माणूस आजारी पडतो. म्हणजे आणखी दिवस मोकळे ठेवायचे. रजेचा मोठा तुकडा त्याला भारताबाहेर काढावा लागणार. आणि ज्या दिवसांसाठी तो पाव पगार सोडत होता, तेच दिवस जाणार होते. शिवाय बॉन्ड होता. नव्या जातीच्या विमानाचं ट्रेनिंग कंपनी देते, मुदतीआधी सोडलं तर त्याचा खर्च तुम्ही भरायचा. ही गोष्ट उद्या सांगता आली असती, पण उद्या निवडायला काही उरलं नसतं.

केदारचा मोबाइल बंद. बायको मुलीला घेऊन पुण्याला गेलेली, तिलाही त्याला उठवता येईना. म्हणून मी घरच्या फोनवर बाईंना गाठलं होतं.

"काय आग लागलीय ती तर सांग," बाई म्हणाल्या.

"त्याच्या नोकरीचं आहे. मला सांगता येत नाही."

"मग मलापण उठवता येत नाय."

गणिताच्या बाई. उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या दाखवल्याशिवाय मार्क नाहीत. मी डोळे मिटले आणि पथ्य मोडलं. दोन ऑफर, कमी पगाराची का निवडली, दिवस, घड्याळ, मेल, सगळं एका दमात सांगून टाकलं. मला फार वाईट वाटलं. ज्याने विश्वासाने सांगितलं होतं तो माडीवर झोपला होता.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्यासाठी?"

"हो, बाई."

"मूर्ख हाय." मग लगेच कामाचं बोलल्या. "सुमन बाजारात गेलीय. मला जिना चढवत नाय. हाका मारल्या तर ऐकायचा नाय, कानात बोळे घालतो आणि एसी लावून झोपतो."

"शेजारी कोणी?"

"दुपारचं कोण असतंय? थांब जरा. मे महिना हाय ना? एसी बंद पडला तर किती वेळ झोपेल?"

वॉकरचा आवाज आला. टेकला, पाऊल, टेकला, पाऊल. फार सावकाश. मेन स्विच जिन्याखाली असणार. मधे आवाज थांबला. पडल्या की काय? मी "बाई, बाई" करत राहिले. मग खट्कन काहीतरी वाजलं आणि फोनच मेला. त्यांचा फोन वाय-फायच्या डब्यावर चालणारा होता, लाइटबरोबर तोही गेला.

मेलला मात्र त्यांच्या घरच्या लाइटचं सोयरसुतक नव्हतं. तो कुठल्यातरी परदेशी सर्व्हरवरून वेळेवर सुटणारच होता. मी केदारचा मोबाइल फिरवत बसले. बंद. पुन्हा बंद. शेजारच्या टेबलावरच्या आमच्या क्लार्कने पाणी आणून ठेवलं, तिच्यावर मी विनाकारण ओरडले.

चारला अगदी थोडा वेळ उरला असताना माझा फोन वाजला.

"ताई, लाइट गेलीय. आई जिन्याखाली मेन स्विचला धरून उभी आहे आणि म्हणते आधी ताईला फोन कर. काय झालं?"

"मेल थांबव. दोन्ही."

"पण का?"

"आधी थांबव, मग भांड."

तिकडे खुडबुड झाली. "थांबवले."

"तुझ्या तक्त्यातल्या वेळा झुलू आहेत."

तिकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाला, "पासपोर्टवर झुलू चालत नाही."

एजन्सीच्या बाईने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुदत दिली, तीही नाखुशीनेच. मी गाडी काढली. कासूच्या पुढे रस्त्याचं काम चालूच होतं, ते कधी संपेल हे विचारणं आम्ही सोडून दिलंय. वरसेला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. बाई ओसरीवर बसल्या होत्या, केदार समोर उभा. त्याचं तोंड बघून कळलं, माझी वाट न बघताच भांडण उरकलं होतं.

"ताई, तुम्ही सांगायला नको होतं," तो म्हणाला.

"बरोबर. माझी फी देऊ नकोस."

"फी घेशील तू," बाई म्हणाल्या. "आता मला सांग. पहिली घेतली तर हा घरी किती?"

"रजेपुरता."

"आणि दुसरी घेतली तर?"

"दर खेपेचे दिवस जवळपास तसेच. पण रजा बाहेर काढावी लागेल. रजेतही इथे आला तर तेवढ्या दिवसांपायी पगारावर एवढा टॅक्स." मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून आकडे खालून वर तपासले.

"म्हणजे रजेत मुलगा रोह्याला नको, एवढंच ना?"

"एवढंच."

"दिवस कोणाचे मोजतात? त्याचे."

"हो."

"माझे मोजतात काय?"

मी कागदावरून मान वर केली.

"पेन्शनवर जगणारी बाई मी. मी महिनाभर तिकडे जाऊन राहिले तर सरकारचं काय जातंय?"

"काहीच नाही, बाई."

"मग रजेत मी जाते याच्याकडे. व्हीलचेअर ढकलायला विमानतळावर माणसं असतात, मी टीव्हीवर पाह्यलंय."

केदार खालीच बसला. "आई, तू रोहा सोडणार नाही म्हणाली होतीस."

"मुंबईला येणार नाय म्हणाले. तुमच्या त्या बाराव्या मजल्यावर मला कोंडल्यासारखं होतं. परदेशाचं मला कोणी विचारलं?"

केदारने माझ्याकडे पाहिलं. आम्ही ब्लॉक अवर्स धरले होते, ग्रॅच्युइटी धरली होती, डॉलरचा भाव धरला होता. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, तिचं मत कुठल्याच रकान्यात नव्हतं.

त्याने दुसरी ऑफर घेतली. या वेळी तक्ता मी केला, भारतीय वेळेने, आणि मधे भरपूर दिवस मोकळे सोडले. पहिल्या वर्षाचं रिटर्न भरलं तेव्हा तो सीमेच्या बराच आत होता. रजेत केदारने तिकडे भाड्याने घर घेतलं आणि बाई महिनाभर राहून आल्या. परत आल्यावर फोनवर तक्रारी ऐकवल्या. पापलेट बर्फातलं, चहा पाणचट, आणि समुद्र आहे पण खाडी नाय. पुढच्या वेळी किती दिवसांचा व्हिसा मिळेल हेही त्याच फोनवर विचारलं.

परदेशी नोकरीचा क्लायंट आला की आता मी दोन प्रश्न आधी विचारते. वेळ कुठल्या घड्याळाची? आणि ज्यांच्यासाठी हे करताय, त्यांना विचारलंत का? पहिल्याचं उत्तर लोक तपासून सांगतात. दुसऱ्याला कायद्यात कुठलंच कलम नाही, आणि उत्तर बहुतेक वेळा "त्यांना काय विचारायचं?" असंच येतं.