पेरूचं पाणी

पेरू उकडल्याचा वास आला की मला चारकोपचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. लग्नाला आठवडाच झाला होता. सासूबाईंनी जेलीसाठी उकडलेले पेरू फडक्यात बांधून नळाला टांगले होते, खाली पातेलं. मला वाटलं, श्रीखंडाच्या चक्क्यासारखंच असेल, म्हणून पातेल्यातलं गुलाबी पाणी मी मोरीत ओतून दिलं. "अगं, जेली त्या पाण्याचीच होते ना!" एवढंच त्या म्हणाल्या. मग फडक्यातला गर चाळून त्यांनी जॅम केला आणि सगळ्यांना सांगितलं, "या वेळी मुद्दाम जॅमच केला." जेली पुन्हा कधीच केली नाही. परवा त्या माझ्या सुनेला म्हणाल्या, "आपल्याकडे पहिल्यापासून जॅमच करतात." त्या खरंच विसरल्यात, की अजून मला सांभाळून घेतायत?